साठ कार्डं, एक टायमर आणि फोनचा रेकॉर्डर: मेडिकलच्या मुलाखतीची सात महिन्यांची तालीम

मेडिकलच्या प्रवेशासाठी मी दोनदा अर्ज केला. पहिल्या वर्षी मार्क होते, प्रवेश परीक्षेचा स्कोअर चांगला होता, मुलाखतीचं बोलावणंही आलं. गाडं अडलं ते मुलाखतीत. दुसऱ्या वर्षी मी घरच्या घरी तालमीचा एक संच तयार केला आणि सात महिने तो सतत वापरला. ही काही दुकानात मिळणारी वस्तू नाही. पण मी ती वस्तूसारखीच वापरली, झिजवली, मध्येच दुरुस्तही केली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. जिथे फक्त परीक्षेच्या मार्कांवर प्रवेश होतो, तिथल्यांना याचा उपयोग नाही. जिथे एकेका जागेसाठी मार्कांनी सारखेच असलेले कितीतरी जण रांगेत असतात आणि शेवटचा निर्णय समोरासमोर बोलून होतो, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी मुलाखतीचा प्रकार सांगते, कारण संच त्याच्याच मापाने बेतला होता. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू) नावाची पद्धत काढली, तिच्यावरचा शोधनिबंध २००४ साली आला. एका मोठ्या मुलाखतीऐवजी छोट्या छोट्या अनेक मुलाखती. दारावर प्रसंगाचा कागद लावलेला असतो, तो वाचायला दोनेक मिनिटं, मग आत सातआठ मिनिटं, घंटा वाजली की पुढचं दार. प्रत्येक दारामागे वेगळा परीक्षक. कल्पना आली ती डॉक्टरांच्या प्रात्यक्षिक परीक्षेतून, जी स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडली होती. यामागचा विचार मला पटतो. एकाच मुलाखतीत एका परीक्षकाचं मत बनलं की संपलं. इथे एका दारामागे घसरलात तर पुढच्या दारामागच्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. पहिल्या वर्षी मला हे माहीत होतं, पण अंगात भिनलेलं नव्हतं. तिसऱ्या दारामागची चूक मी सातव्या दारापर्यंत ओढत नेली.

संचात काय होतं? साठ कार्डं. प्रत्येकावर चारपाच ओळींचा प्रसंग, आणि मागच्या बाजूला मी मोठ्या मेहनतीने लिहिलेले ‘चांगल्या उत्तराचे मुद्दे’. एक साधा, टिकटिक न करणारा टायमर. आवाज रेकॉर्ड करायला फोन. एक वही. आणि समोर बसायला माणूस, म्हणजे माझी मावसबहीण, माझी ताई. ती नर्स आहे. ड्यूटी संपवून आठवड्यातून दोन संध्याकाळी ती माझ्यासाठी कधी रुग्ण, कधी रुग्णाची आई, कधी चिडलेली वर्गमैत्रीण व्हायची. ती नसेल तेव्हा बाबा बसायचे.

पहिला महिना मी फुकट घालवला, हे स्पष्ट लिहायला हवं. कार्ड काढायचं, बोलायचं, टायमर वाजला की मागचे मुद्दे बघायचे, ‘सगळे आले’ म्हणत खूण करायची. रेकॉर्डिंग केलं, पण ऐकलं एकदाही नाही. स्वतःचा आवाज ऐकणं नकोसं वाटायचं. ज्यांना तो ऐकायचाच नाही, त्यांनी हा खटाटोप करूच नये असं आता माझं ठाम मत आहे. दहा मिनिटांच्या एका प्रसंगामागे ऐकण्यात आणि लिहिण्यात माझी वीस-पंचवीस मिनिटं जायची. संचाचा सगळा फायदा त्या पंचवीस मिनिटांत आहे.

हे कळलं ते एका कार्डामुळे. प्रसंग असा: मैत्रिणीने तिचा लॅपटॉप तुमच्याकडे ठेवला होता, तुमच्या हातून तिचा वर्षभराचा प्रकल्प पुसला गेला, ती आता आत येते आहे, तिला सांगा. ताई मैत्रीण झाली. मी वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्या पाठ केल्या होत्या. स्पाइक्स या नावाने ओळखली जाणारी, २००० साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत मुळात कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी आहे. नीट बसून घ्या, समोरच्याला काय माहीत आहे ते विचारा, किती ऐकायचं आहे ते विचारा, मग बातमी सांगा, मग त्याच्या भावनांना जागा द्या, मग पुढे काय करायचं ते ठरवा. मला वाटलं, मी सगळ्या पायऱ्या घेतल्या. टायमर वाजला. ताई काही क्षण गप्प बसली आणि म्हणाली, “अगं, तू मला रडायलाही जागा दिली नाहीस.”

मला ते लागलं. त्या रात्री पहिल्यांदा रेकॉर्डिंग ऐकलं. “सगळं गेलं?” असं ताई विचारते. त्यानंतर तीन वेळा तिने बोलायला घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येतो, आणि तिन्ही वेळा मी तिच्या आधी सुरू होते. आपण बॅकअप शोधू. मी सरांशी बोलते. मी तुला पुन्हा करायला मदत करते. मिनिटभरात तीन उपाय. पाचवी पायरी मी घेतलीच नव्हती, चौथीवरून थेट सहावीवर उडी. आणि हे सगळं मी मनापासून, तिला बरं वाटावं म्हणूनच करत होते, म्हणून तर ते मला कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहीत नवा रकाना आखला: ‘मी किती सेकंदांनी मध्ये बोलले’. समोरचा माणूस स्वतःची अडचण सांगायला लागल्यापासून मी तोंड उघडेपर्यंतचा वेळ. मागची रेकॉर्डिंगं काढून मोजलं तर आकडे होते सात, पाच, अकरा, सहा. पुढे कळलं की हे मोजमाप जुनंच आहे. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-रुग्णांच्या भेटींची रेकॉर्डिंगं ऐकून हेच मोजलं होतं. रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला अडवत होते. तो आकडा वाचून जगाला धक्का बसला असेल, मी मात्र माझे आकडे बघत बसले होते. अजून मेडिकलच्या दारातही नाही आणि मी त्यांच्याहून घाईत.

पुढचे दोन महिने मी त्या एकाच रकान्यावर घालवले. मुद्दाम गप्प बसायला लागले तर तेही खोटं वाटायचं, ताई म्हणायची, “तू ऐकत नाहीयेस, मनात आकडे मोजतेयस.” बरोबर होतं ते. मग एक सवय लावली. ती बोलायची थांबली की तिचाच शेवटचा शब्द धरून प्रश्न विचारायचा. “घरी काय सांगू?” असं ती म्हणाली, तर माझा प्रश्न ‘घरी’ या शब्दापासून निघाला पाहिजे. त्यासाठी तो शब्द कानावर पडावा लागतो, आणि तो पडायचा तर शेवटपर्यंत ऐकावंच लागतं. चौथ्या महिन्यात आकडे वीस-पंचवीसच्या वर स्थिरावले आणि मग मी रकाना भरणं सोडून दिलं.

नीतिमत्तेच्या कार्डांचीही तीच गत होती. बोशॉम्प आणि चिल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये मांडलेली चार तत्त्वं मेडिकलला अर्ज करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतात: रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, त्याला अपाय न करणं आणि न्याय. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त घ्यायला नकार देणाऱ्या बाईंचं कार्ड आलं आणि मी चारही तत्त्वं ओळीने मांडली. बाबांना वैद्यकातलं काही कळत नाही. ते म्हणाले, “त्या बाईंना रक्त का नकोय, हे तू कुठे विचारलंस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. धार्मिक श्रद्धा असेल असं मी गृहीत धरलं होतं. भीती असू शकते, चुकीची माहिती असू शकते, घरच्यांचा दबाव असू शकतो, आणि प्रत्येक वेळी पुढचं बोलणं वेगळं होतं. सज्ञान आणि निर्णयक्षम माणूस जीव वाचवणारा उपचारही नाकारू शकतो, हे अनेक देशांत मान्य आहे. म्हणून खरा प्रश्न निर्णयक्षमतेचा. इंग्लंड आणि वेल्समधल्या २००५च्या कायद्यात ती तपासायच्या चार गोष्टी आहेत: माहिती समजते का, ती लक्षात राहते का, ती तोलून बघता येते का, आणि निर्णय कोणत्याही मार्गाने सांगता येतो का. तत्त्वांपेक्षा हे चार प्रश्न मला जास्त उपयोगी पडले, कारण ते समोरच्या माणसाला विचारायचे असतात.

काही कार्डांनी फार वेळ घेतला नाही. आकडेमोडीची कार्डं म्हणजे तासाला किती मिली सलाइन, किलोमागे किती मिलिग्रॅम. एक लिटर आठ तासांत म्हणजे तासाला १२५ मिली. ०.९ टक्के सलाइन म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. गणित सोपं असतं, दशांश चिन्ह सरकलं की मात्रा दसपट होते, म्हणून मोठ्याने बोलत सोडवायचं, एवढंच. उलट बुटाच्या लेसच्या कार्डाने माझे चांगले चार दिवस खाल्ले. पाठीला पाठ लावून बसायचं आणि समोरच्याला फक्त शब्दांनी लेस बांधायला लावायची. मी म्हणायची, “आता ती तिकडून आत घे.” ती म्हणजे कोणती, तिकडून म्हणजे कुठून? बाबा निमूटपणे मी सांगितलं तेवढंच करायचे आणि गाठ कधीच बसायची नाही. ज्या दिवशी मी दर वाक्यानंतर “आता तुमच्या हातात काय दिसतंय?” असं विचारायला लागले, त्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला गाठ बसली.

‘डॉक्टरच का व्हायचंय’ या कार्डावर मी वृद्धाश्रमात केलेल्या कामाबद्दल बोलायची. सेवा, माणसांशी नातं, त्यांना धीर देणं. ताईने सगळं ऐकून शांतपणे विचारलं, “हे सगळं मी रोज करते. मग तू नर्स का होत नाहीस?” हा प्रश्न मुलाखतीत खरोखर येतो, आणि तो नर्सच्या तोंडून ऐकणं ही मला या संचातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. तिच्या कामाला जराही कमी न लेखता उत्तर द्यायचं तर मला स्वतःला नेमकं काय हवंय ते आधी ठरवावं लागलं. निदानाची अनिश्चितता आणि त्या निर्णयाची जबाबदारी अंगावर घेणं, हे उत्तर सापडायला तीन आठवडे लागले.

आता संचातलं वैगुण्य. पाचव्या महिन्यात कार्डं शिळी झाली. कोपरा बघूनच मला प्रसंग ओळखू यायचा आणि उत्तरं गुळगुळीत व्हायला लागली. “पाठ म्हणतेयस,” ताई दर वेळी सांगायची. दोष कार्डांच्या मागच्या मुद्द्यांचा होता. मी ते सगळे कागद चिकटवून झाकून टाकले आणि प्रत्येकावर फक्त एक वळण लिहिलं, जे चौथ्या मिनिटाला ताईने वाचायचं: ‘आता कळतं की तो मित्र दोन दिवस झोपलेला नाही’, ‘आता ती म्हणते, हे कोणालाही सांगू नकोस’. तयार उत्तर तिथेच कोसळायचं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दुसरं वैगुण्य म्हणजे एकच जोडीदार. ताईच्या चेहऱ्याची मला सवय झाली होती, ती कधी नरमते ते मला कळायचं. मग अर्ज करणाऱ्या आणखी दोघांशी व्हिडिओ कॉलवर अदलाबदल सुरू केली. अनोळखी माणसासमोर माझा जुना रोग लगेच उफाळून आला आणि वहीतला बंद केलेला रकाना पुन्हा उघडावा लागला.

आठ प्रसंगांची सलग फेरी मी फक्त तीनदा केली. ऐंशी मिनिटं लागतात आणि सहाव्या दाराशी कागद वाचूनही डोक्यात शिरत नाही. तीनपेक्षा जास्त वेळा करायला हवी होती.

मुलाखतीतले प्रसंग सांगता येणार नाहीत, गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहे. एवढंच लिहिते की एका दारामागची व्यक्ती फार चिडलेली होती आणि मी बराच वेळ काही बोलले नाही. मग तिच्याच बोलण्यातला शेवटचा शब्द धरून विचारलं. त्यानंतर तिचा आवाज उतरला. आकडेमोडीच्या दाराशी मात्र मी चुकले, आणि घंटा वाजल्यावर ती चूक तिथेच ठेवून पुढे गेले. दोन विद्यापीठांच्या मुलाखती झाल्या. एकाने नकार दिला, दुसऱ्याने जागा दिली. त्यात या संचाचा वाटा किती, हे मोजायला माझ्याकडे कुठलाही रकाना नाही.

सात महिने लागतात का, असं मला विचारतात. लागत नाहीत. पहिल्याच आठवड्यात रेकॉर्डिंग ऐकायला बसलात आणि कार्डांच्या मागे उत्तरं लिहिली नाहीत, तर तीन महिने पुष्कळ आहेत.

संच आता ताईच्या ओळखीतल्या एका मुलीकडे आहे, ती पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे. माझी रेकॉर्डिंगं मी तिला दिली नाहीत. कार्डं दिली, टायमर दिला, आणि नव्या वहीत सेकंदांचा तो रकाना कोरा आखून दिला.