अमॉक्सिक्लॅव्ह ड्राय सिरप: औषध पहिल्या वर्गात, बाटली काठावर पास

लहान मुलांचा कान ठणकला, सायनसमध्ये पू झाला की डॉक्टर बऱ्याचदा अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं ड्राय सिरप, म्हणजे पाण्यात कालवायची पावडर, लिहून देतात. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या आसपास असो की राजारामपुरीत, ३० मिलीची बाटली कुठल्याही मेडिकलात मिळते. कंपन्या अनेक, घटक तेच. म्हणून हे परीक्षण ब्रँडचं नाही, बाटलीचं आहे.

औषध म्हणून ही जोडी चोख. जिवाणूभोवती भिंत असते, माणसाच्या पेशीला ती नसते. अमॉक्सिसिलिन ती भिंत बांधू देत नाही, त्यामुळे वाढीला लागलेला जिवाणू फुटतो. काही जिवाणू बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम सोडून अमॉक्सिसिलिनच तोडतात. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्या एन्झाइमला चिकटून ते निकामी करतं.

विषाणूला अशी भिंतच नाही. पावसाळ्याच्या झडीत घरोघरी फिरणाऱ्या साध्या सर्दीवर या सिरपचा उपयोग शून्य. पोटातले उपयोगी जिवाणू मात्र मरतात, औषधाला दाद न देणारे मागं उरतात आणि तो गुण शेजारच्या जिवाणूंनाही देतात. ‘मागच्या वेळचंच द्या’ म्हटल्यावर आधी चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला खडूस वाटतो, पण लेबलवरची उभी लाल रेघ त्यासाठीच आहे.

आता तक्रारी. ५ मिलीत २२८.५ मिग्रॅ (२०० अधिक २८.५) आणि ४५७ मिग्रॅ (४०० अधिक ५७) अशा दोन ताकदी मिळतात आणि खोकी बरीचशी सारखी दिसतात. अदलाबदल झाली तर डोस दुप्पट किंवा निम्मा. चिठ्ठीवरचा आकडा खोक्याशी काउंटरवरच जुळवावा.

सगळ्यात मोठा दोष आकाराचा. ५ मिली दिवसातून दोनदा म्हणजे रोज १० मिली. बाटली तीन दिवसांत रिकामी. कोर्स पाच दिवसांचा असेल तर लागतात ५० मिली. तिसऱ्या दिवशी ताप गेलेला, बाटलीही संपलेली, आणि घरचे समजतात झालं! दोन बाटल्या एकदमच घ्याव्यात, पण दुसरी पहिली संपल्यावरच कालवावी.

कालवण्यात निम्मी बाजी असते. आधी बंद बाटली हलवून पावडर सुटी करावी. गोळे झाले असतील किंवा रंग तपकिरी असेल तर बाटली परत द्यावी. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडला ओल अजिबात चालत नाही, आणि आपल्याकडं चार महिने हवाच ओली. खोक्यात निर्जंतुक पाण्याची कुपी असेल तर तीच वापरावी, नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी. गरम पाण्यानं औषध बिघडतं. बाटलीवरच्या खुणेच्या दोन तृतीयांशापर्यंत पाणी घालून जोरात हलवावं, फेस बसू द्यावा, मग खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवावं. फेसासकट खूण गाठली तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक डोस कडक होतो.

कालवलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, आतल्या कप्प्यात ठेवावी. दारात नको, फ्रीझरमध्ये तर नकोच. मुदत सात दिवस. त्यानंतर चव तशीच राहिली तरी क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड आधी ढासळलेलं असतं. दर वेळी हलवून, जेवणाच्या सुरुवातीला द्यावं. पोट कमी बिघडतं. माप सिरिंजनं घ्यावं, घरातला चमचा भरवशाचा नाही.

थोडे जुलाब होतात, ते डॉक्टरांना कळवावेत. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर पुढचा डोस न देता थेट दवाखाना गाठावा.

दुसऱ्या बाटलीतलं दहा मिली उरतंच. ते बेसिनमध्ये ओतू नये, धाकट्यासाठीही ठेवू नये. चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावं.