घरपोच विजय दिवस: झेंडा ठेवा, पताका परत करा

२०२० सालचा शिमगा आटोपला, कोरोनाची टाळेबंदी लागली आणि त्यानंतर कोकणातल्या मंडप-साउंडवाल्यांना सुपारी म्हणून मिळाली नाही. लग्नं पन्नास माणसांत, जत्रा बंद, गणपतीही त्या वर्षी आवाज न करता येणार होता. अशात दापोलीच्या बाजूच्या एका मंडपवाल्याने २६ जुलैच्या कारगिल विजय दिवसासाठी ‘घरपोच’ पॅकेज काढलं: वाडीत गर्दी करायची नाही, ज्याने त्याने आपापल्या खळ्यात उभं राहायचं आणि कार्यक्रम मात्र एकच. नाव लिहीत नाही. चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय, आणि किनाऱ्यावर अशा सेवा देणारे बाकीचेही तेव्हा साधारण हेच सामान घेऊन फिरत होते.

पंचवीस घरांपर्यंतच्या वाडीला साडेचार हजार घेत होते, अनामत हजार वेगळी. त्यात मिळत होतं ते असं: ९०० बाय ६०० मिलिमीटरचा खादीचा झेंडा, अठरा फुटी जीआय पाइप आणि तळाची पाटी, १२० वॉटचा अॅम्प्लिफायर, चार भोंगे, माइक, शंभर फूट तिरंगी पताका, फोटो-फुलं-समई, फेसबुकवर लाइव्ह, छापील भाषण आणि दहा ‘कोरोना योद्धा’ प्रमाणपत्रं. प्रमाणपत्रावर नावाची जागा कोरी. हवं ते लिहा.

झेंडा चांगला होता हे आधी सांगतो. माप बरोबर, तीनास दोन, कापड खरंच हातमागाची खादी. बाजारात पॉलिस्टरचे चकचकीत झेंडे पोत्याने मिळतात, पण तेव्हाच्या ध्वजसंहितेत ते बसत नव्हते (पॉलिस्टरला मुभा २०२१च्या अखेरीस मिळाली), म्हणून इथे पैसे वाचवले नाहीत याचे गुण दिले पाहिजेत. गोची पुढे आहे. खादी पाणी पिते. जुलैतल्या पावसात झेंडा दहा मिनिटांत दुप्पट जड होतो आणि काठीला चिकटून बसतो. तेव्हाची संहिता म्हणत होती की उघड्यावर लावलेला झेंडा शक्य तोवर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, हवा कशीही असली तरी फडकत राहावा (रात्रीही ठेवायची मुभा २०२२ साली आली). म्हणजे पाऊस आला म्हणून मध्येच उतरवून पडवीत वाळत घालायचा नाही. तेव्हा काठी, कप्पी आणि दोरी ओल्या झेंड्याचं वजन पेलणारी हवी, आणि पॅकेज नेमकं इथे कच्चं आहे.

कप्पी लोखंडी होती. खाऱ्या हवेत लोखंडी कप्पी एका पावसाळ्यात गंजते आणि दोरी मध्येच अडते. पितळेची नाहीतर नायलॉनची मागा. दोरी सुती होती, ती तर त्याहून वाईट. घडी घालून, आत झेंडूच्या पाकळ्या भरून झेंडा वर बांधला जातो आणि खालून झटका दिला की सुटी गाठ सुटून तो उलगडतो, असा बेत. पण सुती दोरी भिजली की फुगते, गाठ स्वतःलाच आवळते, आणि खालचा माणूस जितक्या जोराने ओढतो तितकी ती घट्ट बसते. मग दोन पोरं, एक शिडी, आणि ‘उभे रहा’चा हुकूम झाल्यामुळे आपापल्या खळ्यात ताठ उभी असलेली पंचवीस घरं. सहा मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या, वेढे दोनच द्या, सुट्या टोकाला वीतभर शेपूट ठेवा, आणि पाकळ्या घालूच नका. ओल्या पाकळ्या खाली पडत नाहीत, खादीला चिकटून डाग पाडतात. त्याहून सरळ उपाय म्हणजे घडीचा सोस सोडून झेंडा खालून वर चढवणं.

तळाची पाटी खिळ्यांवर बसते. मातीच्या अंगणात ठीक, पण जांभ्याच्या कातळावर खिळा जात नाही, वाकतो. पत्र्याच्या डब्यात आधी सिमेंटने पाइपचा तुकडा बसवून ठेवलेला असेल तर तो सोबत आणायला सांगा, आणि काठीला तीन बाजूंनी ताण द्या.

पताका मात्र परत करा. त्या प्लास्टिकच्या, राज्यात तसल्या प्लास्टिकवर २०१८ पासून बंदी. शिवाय त्यांच्यावर चक्रासकट तिरंगा छापलेला. राष्ट्रध्वज तोरण, पताका किंवा फुलोरा म्हणून वापरू नये, असं संहितेत स्पष्ट आहे. वाऱ्याने तुटून पाणंदीच्या चिखलात पडलेल्या पताका दुसऱ्या दिवशी कोण उचलणार, हा प्रश्न कुठल्याच पॅकेजमध्ये नसतो. दारावर आंब्याचा टाळ आणि झेंडू लावा.

एक सूचना ऑर्डर देणाऱ्यांसाठी. शहिदाच्या घरासमोर झेंडा अर्ध्यावर ठेवा अशी मागणी होते आणि मंडपवाला गिऱ्हाईक दुखवत नाही. झेंडा अर्ध्यावर आणायचा तो सरकारी आदेश असेल तेव्हाच. भावना खरी असली तरी तो निर्णय वाडीचा नाही.

आता आवाज. शंभर व्होल्टच्या लाइनवर चार भोंगे, वाडीच्या चार कोपऱ्यांत. अॅम्प्लिफायर बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो, ही मोठी सोय. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर इथल्या विजेवर भरवसा ठेवून कार्यक्रम आखणं म्हणजे धाडसच होतं. पण चार कोपऱ्यांतून आवाज आत फेकला की काय होतं? आवाजाला दोनशे मीटर कापायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. बरोबर मध्यावर नसलेल्या घरांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. भाषणात ते खपून जातं, कारण भाषण कोणी ऐकत नसतं. नावं वाचताना मात्र आडनावावर पुढचं नाव चढतं, आणि ज्याच्यासाठी सगळं चाललंय त्याचंच नाव कळत नाही. भोंगे सगळे मध्यावर, एकाच खांबावर, तोंडं बाहेरच्या दिशेला ठेवायला सांगा. आवाज निम्मा ठेवा. पोफळीच्या बागेतून तो पुरेसा पोचतो. तोंडं किंचित खाली झुकवा. वर वळलेल्या भोंग्यात पाऊस साचतो, पाणी युनिटपर्यंत उतरतं आणि बिगुल फाटक्या आवाजात वाजतो.

लाइव्हचा प्रकार तर सोडूनच द्या. नेटवरून येणारं चित्र एका फोनवर वीस सेकंद मागे, दुसऱ्यावर चाळीस. ‘लास्ट पोस्ट’ (शहिदांना मानवंदना देताना वाजते ती बिगुलाची धून) संपून इथे शांतता सुरू झाली की शेजारच्या पडवीत बिगुल नुकता लागलेला असतो, आणि दोन मिनिटं कोणाचीच पुरी होत नाहीत. मुंबईत अडकलेल्या चाकरमान्यांना बघायला म्हणून लाइव्ह ठेवा, त्यावर घड्याळ लावू नका. सुरुवातीला एक टोल आणि शेवटी दोन टोल, ग्रामदेवतेच्या देवळातल्या घंटेचे. देऊळ बंद असलं तरी पूजेला गुरव आत असतोच. पेनड्राइव्हमधली फाइलही आधी ऐकून घ्या. लास्ट पोस्ट, दोन मिनिटं शांतता आणि मग ‘राउज’ ही शांतता संपल्याची बिगुलधून, असा क्रम पाहिजे. आम्हाला मिळालेल्या फाइलमध्ये शांतता कापून तिथे देशभक्तिपर गाण्याचं संगीत भरलं होतं. रिकामी जागा दिसली की भरून टाकायची, ही साउंडवाल्यांची जुनी खोड.

हाच पेच ८ मे २०२० रोजी ब्रिटनमध्ये दिसला. युरोपातलं दुसरं महायुद्ध संपल्याला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून त्यांनी मेच्या पहिल्या सोमवारची सुट्टी हलवून शुक्रवारी आणली होती. गल्लोगल्ली पंगती ठरल्या होत्या, त्या टाळेबंदीत रद्द झाल्या. लोकांनी आपापल्या दारासमोर टेबलं मांडली. सकाळी अकराला दोन मिनिटं शांतता, तीनला चर्चिलचं जुनं भाषण, आणि रात्री नऊला राणीचं भाषण, १९४५ साली त्याच वेळी तिचे वडील बोलले होते म्हणून. एवढं नीट पार पडलं. वॉरिंग्टनजवळच्या एका गल्लीत लोक अंतर ठेवून रांगेने नाचले, तो व्हिडिओ पसरला आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. स्मरणाला अंतर चालतं. जल्लोषाला चालत नाही, आणि पॅकेज विकताना पुढे केला जातो तो जल्लोषच.

आपल्याकडे ८ मे कोणाच्या लक्षातही नव्हता. पंचवीस लाखांचं हिंदी सैन्य त्या युद्धात होतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढताना १० जुलै १९४४ रोजी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा आहे. व्यापारी जहाजांवरचे रत्नागिरीकडचे खलाशी तर किती बुडाले त्याची गावात आठवणही उरलेली नाही. पण ते युद्ध साहेबाचं, विजयही साहेबाचा, म्हणून तो दिवस साजरा करताना जीभ अडते. कारगिलच्या बाबतीत तसं नाही, तरीही पूर्ण मोकळेपणाने आनंद होत नाही, आणि त्याची कारणं इथली आहेत.

एक तर तारीख. २००५ साली जुलैच्या याच दिवसांत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. खाडीपट्ट्यात २६ जुलै म्हटलं की आधी तो पाऊस आठवतो, मग कारगिलची टायगर हिल. त्या बाजूला ऑर्डर घेताना फटाके आणि ढोल यादीतून काढा असं मंडपवाल्याला सांगावं लागतं, हे जरा नवलच. दुसरं, दिवेआगरपासून दापोलीपर्यंत कित्येक घरांवर वादळानंतर अजून ताडपत्री होती. पोफळी आडव्या पडलेल्या, त्यांच्या बुंध्यांना पताका बांधायच्या?

तिसरं कारण नाजूक आहे. पॅकेजमध्ये ‘वीरपत्नी व माजी सैनिक सत्कार’ असं एक कलम आहे. शाल, श्रीफळ, फोटो. कारगिलमध्ये ५२७ जवान गेले. ज्या घरातला गेला त्या घराचा दिवस २६ जुलै नसतो. त्यांची तारीख वेगळी असते, तिथी वेगळी असते, आणि त्या दिवशी भोंगा लावायला कोणी येत नाही. शिवाय माजी सैनिकांत पासष्टीच्या पुढचेही असतात. सरकार तेव्हा म्हणत होतं यांनी घराबाहेर पडू नये, आणि आपण पाच पोरं, कॅमेरा आणि हार घेऊन त्यांच्या ओटीवर चढत होतो. सत्कार करायचाच तर आधी विचारा. हो म्हणाले तर शाल-नारळ गडग्यावर ठेवून मागे सरा, त्यांनी स्वतः उचलावं. एवढं कळवलं की मंडपवाला ऐकतो. त्याची पोरं शहाणी आहेत, मास्क नाकावर ठेवतात.

फुलं वाहण्याची रांग हा दुसरा धोका. उभं राहायला फक्कीची वर्तुळं आखून देतात, ती पहिल्याच सरीत वाहून जातात आणि लोक छत्र्यांखाली एकमेकांना बिलगतात. वर्तुळाऐवजी सहा-सहा फुटांवर एकेक चिरा टाका. फोटोजवळ प्रत्येक घरातून एकानेच जावं. आणि सॅनिटायझरची बाटली समईशेजारी ठेवलेली असते ती आधी हलवा. त्यात सत्तर टक्के अल्कोहोल असतं. हात चोळून लगेच वात लावायला गेलेल्या माणसाचे हात पेट घेऊ शकतात. पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं.

छापील भाषण फेकून द्या. ‘कोरोनारूपी शत्रू’, ‘आघाडीवरचे योद्धे’, ‘ही लढाई आपण जिंकणारच’. मार्चमध्ये थाळ्या वाजल्या, एप्रिलमध्ये दिवे लागले, ३ मेला हवाई दलाने रुग्णालयांवर फुलं टाकली, आणि तेव्हापासून ही भाषा सगळीकडे चढली. रोगाला शत्रू म्हटलं की रोग झालेला माणूस कोणाच्या बाजूचा ठरतो ते शाळेत विलगीकरणात बसलेल्या चाकरमान्याला विचारा. गावाच्या वेशीवर बांबू आडवे घालणारेच संध्याकाळी प्रमाणपत्रावर स्वतःचं नाव लिहून घेत होते.

त्या जागी नावं वाचा. पॅकेजमधलं खरं मोलाचं काम हेच, आणि त्यासाठी मंडपवाल्याला काही करावं लागत नाही, वाडीला करावं लागतं. शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी असेल तर तिच्यावर गावातून गेलेल्यांचा आकडा असतो, नावं क्वचितच. नावांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. दोन्ही महायुद्धांतली नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या संकेतस्थळावर सापडतात, पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही दिलेलं असतं. शोधताना सिंधुदुर्ग आणि रायगड टाकू नका. ही नावं १९८१ची. जुन्या नोंदी रत्नागिरी आणि कुलाबा म्हणून आहेत, गावांची इंग्रजी स्पेलिंगंही वाटेल तशी. वाचताना पूर्ण नाव, गाव, साल, मग मनात तीन आकडे मोजून पुढचं. वाचणारा मास्क लावून माइकपासून चार बोटांवर, आणि माइक एकाच्याच हातात.

पाचपैकी तीन गुण. त्यातले दोन झेंड्याचे आणि एक पोरांच्या वागण्याचा. लाइव्ह, पताका, प्रमाणपत्रं काढून टाकली तर मंडपवाला अठ्ठावीसशेपर्यंत उतरत होता, घासाघीस करा. त्या १५ ऑगस्टलाही गर्दी टाळायचीच होती, तेव्हा हेच सामान पुन्हा लागणार होतं.

एक अट मात्र आधीच लिहून घ्या. संध्याकाळी झेंडा उतरवला की पोरं तो ओलाच घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत भरतात, कारण दुसऱ्या दिवशी सामानाची मोजदाद असते. दोन दिवसांत खादीवर बुरशीचे काळे ठिपके येतात, ते निघत नाहीत, आणि ते अनामतीतून कापतात. झेंडा एक दिवस जास्त ठेवून घ्या, पडवीत सावलीत वाळवा, हिरवा रंग पांढऱ्यावर उतरलाय का ते त्यांच्या माणसासमोर पाहा आणि मगच परत द्या. रंग उतरला असेल किंवा कड उसवली असेल तर तो पुढच्या वाडीला द्यायचा नाही. संहितेप्रमाणे तो खासगीत, शक्यतो जाळून, अखंड नष्ट करायचा असतो. पोरांना हे ठाऊक नसतं, मालकाला फोन करा.