धुळ्याजवळचा शेवभाजीचा ढाबा अन् त्यांचं 'मीडियम'

ढाब्याचं नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार आहे अन् जेवण मात्र खरंच चांगलं आहे. मुंबई-आग्रा हायवेला, धुळ्याच्या थोडं अलीकडे. पुण्याहून मेहुणा बायकोपोराला घेऊन आला होता, शेवभाजी खायचीच म्हणून त्याचा हट्ट, म्हटलं चला.

वेटर पोरगा आला, तिखट कसं करू विचारलं, कमी, मीडियम का फुल. मी तोंड उघडायच्या आत मेहुणा म्हणाला मीडियम. हा माणूस मिसळ मीडियम खातो, टी-शर्ट मीडियम घालतो, त्याच्या डोक्यात मीडियम म्हणजे काही भानगड नसलेली गोष्ट.

भाजी आली. खाली काळा रस्सा, वर तर्रीचा असा थर की शेव टाकली तर आधी दिसेनाशी झाली. पहिल्या घासाला काहीच नाही, आपल्या काळ्या मसाल्याचं हेच असतं, आधी भाजलेलं खोबरं-कांदा लागतं अन् तिखट मागून येतं. तिसऱ्या घासाला मेहुण्याच्या कानाच्या पाळ्या लाल. वरून गडी ढसाढसा पाणी प्यायला, आता मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, नुसतं तोंडभर फिरतं, शेवटी दोन ग्लास ताक पाजलं तेव्हा कुठे बोलायला लागला.

पोराला बोलावून विचारलं, हे मीडियम? तो एकदम सरळ चेहऱ्याने, "मीडियमच शे भाऊ. फुल आम्हना स्टाफ खास, कमी लेकरंसाठे शे." म्हणजे फुल त्यांचा स्टाफ खातो, कमी लेकरांसाठी.

आता त्याला चूक तरी कसं म्हणणार. मीडियम म्हणजे मधलं, शब्द मूळचा लॅटिन, आपल्या 'मध्य'चा लांबचा भाऊबंदच, पण कशाकशाच्या मधलं ते शब्द सांगत नाही ना. क्रिकेटमधला मीडियम पेसर घ्या, टीव्हीवर निवांत वाटतो, अन् तोच ताशी १२०-१२५ चा बॉल आपल्या गल्लीत टाकला तर बॅट खाली यायच्या आत स्टंप गेलेले. एका दुकानातला मीडियम शर्ट अंगात जात नाही, शेजारच्या दुकानातला लोंबतो. इंग्लिश मीडियमचा तर अर्थच वेगळा, तिथे ते माध्यम, पण आमची आजी त्याचा अर्थ 'मधलं मधलं इंग्रजी' असा घ्यायची अन् आमचं इंग्रजी ऐकून तिचंच बरोबर वाटायचं.

तर तक्रार एवढीच की बाहेरची गाडी दिसली की पोरांनी एक शब्द जास्त बोलावा. तुम्ही पाहुणे घेऊन जाणार असाल तर मीडियम वगैरे बोलूच नका, सरळ 'लेकरांचं करा' सांगा. आम्ही मेहुण्याच्या पोरासाठी तसं दुसऱ्यांदा सांगितलं अन् ती भाजी मोठ्यांनीच संपवली.

बाकी भरीत एक नंबर. वांगं काड्यांवर भाजलेलं, धुराचा वास तसाच, सोबत कळण्याची भाकरी गरम. भरतात हिरवी मिरची असते, तिथे कमी-मीडियम कोणी विचारत नाही, जे येईल ते खायचं. शेवभाजी १५० ला प्लेट, दोघांना पुरते. बसायला बाजा आहेत, हात धुवायची जागा स्वच्छ, ऑनलाइन पैसे घेतात पण रेंज नसते, रोख ठेवा. रविवारी दुपारी अर्धा तास थांबावं लागलं. पाच पैकी चार.

निघताना मेहुण्याने पुण्याला न्यायला दोन प्लेट पार्सल सांगितलं, काउंटरवाल्याने विचारलं तिखट कसं करू, तर हा परत मीडियम! पार्सलला शेव वेगळी बांधून देतात, रस्सा गरम केल्यावरच टाका, आधी टाकली तर लगदा होतो.