१७ मिलिमीटरचा पलंग

मी सातवीला गणित शिकवते. 'एक सेंटीमीटर म्हणजे एक मीटर' हे दरवर्षी फळ्यावर लिहिते, मुलांकडून वर्गखोलीचा नकाशा काढून घेते. आणि नेमकं त्याच धड्यात मला एका माणसाने ५१,७०० रुपयांना गंडवलं. शाळेत अजून कुणाला सांगितलेलं नाही.

साताऱ्यात आमचा ४० बाय ५० फुटांचा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे. परवानाधारक इंजिनिअरने साधा, चौकोनी नकाशा काढला, मंजुरीही मिळाली. पण घरात कुणालाच तो आवडेना. स्वयंपाकघर अंधारं, सासूबाईंच्या खोलीतून संडासला जायचं तर अख्खा हॉल ओलांडायचा. तक्रारी खऱ्याच होत्या. यजमानांच्या ऑफिसातल्या कुणीतरी एक नंबर दिला: 'मंजूर नकाशा सुधारून देतो, वास्तूसकट, थ्रीडीसकट.'

तो आला तो लॅपटॉप उघडूनच. आधीच्या नकाशावर लाल पेनाने फुल्या मारल्या. "मॅडम, हा नकाशा नाही, ही चाळ आहे." आम्हाला ते पटलं, कारण आम्हीही तेच म्हणत होतो. दर १८ रुपये स्क्वेअर फूट, १,६५० फुटांचे २९,७००. आठ दिवसांत चित्र आलं: दुमजली घर, दगडी खांब, व्हरांड्यात पितळी कड्यांचा झोपाळा, कोपऱ्यात नारळ. प्रत्यक्षात त्या कोपऱ्यात विजेचा खांब आहे. लेक हसली, पण झोपाळा बघून गप्प बसली. सासूबाईंनी चित्राची मोठी प्रिंट काढून आणायला लावली.

झोपाळ्याने आम्ही सगळेच आंधळे झालो, खोटं कशाला बोलू!

मग तो म्हणाला, नकाशा बदललाय म्हणजे सुधारित परवानगी लागेल, शुल्क आणि 'वरचा खर्च' मिळून २२,००० द्या, मी करून आणतो. यूपीआयने दिले, त्याच्या वैयक्तिक खात्यावर. चार दिवसांनी नकाशाच्या प्रती आल्या, प्रत्येकीवर आर्किटेक्टचा गोल शिक्का, सही आणि 'सीए' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. मंजुरी दोन आठवड्यांत येईल, तोवर काम सुरू करा, असंही सांगितलं.

लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर नकाशा आखायच्या दिवशी मिस्त्रींनी दोरी ताणली, फक्की मारली आणि जिन्यापाशी आल्यावर नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग खाली बसून बोटाने पायऱ्या मोजल्या.

"बाई, मजला किती उंच धरलाय?"

"दहा फूट."

"पायऱ्या बारा दावल्यात. म्हंजे एक पायरी दहा इंचाची. आजी चढायच्या न्हाईत ह्याच्यावरनं."

१२० भागिले १२. चौथीतलं गणित. सात इंचांची पायरी धरली तर सतरा उठाव, म्हणजे चढ, लागतात, आणि मधे वळणारा असा जिना तीन फूट रुंद ठेवायचा तर साडेसहा बाय दहा फूट जागा खातो. यात तो सहा बाय सातमध्ये कोंबला होता. म्हणून तर हॉल एवढा ऐसपैस दिसत होता! आमच्या सासूबाई दर उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला गच्चीत जातात. त्या वयात ती शिडीच झाली असती.

मिस्त्रींनी काम थांबवलं. त्या रात्री मी वर्गातली फुटपट्टी घेऊन बसले. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं होतं, १:१००. बेडरूममधला पलंग मोजला: लांबी १७ मिलिमीटर. म्हणजे १ मीटर ७० सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट सात इंच. माझे यजमान पाच फूट आठ इंच आहेत. बाजारातला पलंग साडेसहा फुटांचा असतो, कागदावर तो जवळजवळ २० मिलिमीटर यायला हवा. कपाट दीड फूट खोल काढलेलं, खरं असतं दोन फूट. डायनिंगच्या खुर्च्यांवर तर बाहुल्याच बसल्या असत्या. खोल्या मोठ्या केल्याच नव्हत्या, सामान लहान केलं होतं.

पुढे बघत गेले तसं आणखी सापडत गेलं. '१० बाय १०' ची खोली भिंतींच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेली. बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार, तेव्हा आतून उरतात जेमतेम नऊ फूट पाच इंच. वास्तूच्या नावाखाली वरचं बाथरूम खालच्या संडासवरून उचलून हॉलच्या डोक्यावर नेलेलं, म्हणजे पाइप आमच्या छतातून. पश्चिमेला भिंतभर काच, वर छज्जा नाही. साताऱ्यात पाऊस कुठून झोडपतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मंजूर नकाशात उत्तरेला दीड मीटर सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, होतं, ते इथे तीन फुटांवर आलेलं.

शिक्क्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. वास्तुविशारद अधिनियम १९७२ प्रमाणे आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते आणि तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट तपासता येतो. मी तपासला. क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच शहरातल्या एका बाईंचा. त्यांना फोन केला तर आमचा प्लॉट सोडाच, हा माणूससुद्धा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. शिक्का कुठे तयार झाला असेल हे त्यांना विचारायची मला हिंमत झाली नाही. नगररचनेच्या खिडकीवर मालक म्हणून चौकशी केली, तर आमच्या नावाने सुधारित प्रस्तावच दाखल नव्हता. शुल्काचं चलन, फाइलचा नंबर असलं काहीच त्याने दिलेलं नव्हतं आणि आम्ही मागितलंही नव्हतं. 'वरचा खर्च' म्हटलं की आपण पावती मागायला लाजतो. आपणही थोडे चोर असतो त्यात, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं.

पोलिस ठाण्यात हवालदार म्हणाले, "चारशेवीस आता ३१८ झालंय, बाई." जुलै २०२४ पासून न्याय संहिता आलीय ना. तक्रार अर्ज, यूपीआयचे तपशील, त्या आर्किटेक्ट बाईंचा ई-मेल, सगळं जोडलं. ठाण्यातून फोन गेल्यावर त्याने १२,००० परत पाठवले, 'गैरसमज झाला' असं लिहून. नंतर फोन बंद.

पहिल्या इंजिनिअरकडे तोंड लपवत गेलो. तो काही बोलला नाही, एवढंच विचारलं, "घरात सामान काय काय आहे?" मग पलंग, कपाट, फ्रीज, सासूबाईंची खाट, सगळं खऱ्या मापाने कार्डबोर्डवर कापून नकाशावर ठेवलं. बेडरूमचं दार भिंतीच्या मधून कोपऱ्यात सरकवलं, तर कपाटाला जागा झाली. संडासचं दार बोळातून दिलं. ओट्यावर मागच्या बाजूला खिडकी दिली. दोन दारं आणि एक खिडकी, एवढीच सुधारणा हवी होती. त्याने ५,००० घेतले. जिना सतरा उठावांचाच राहिला, हॉल त्या झोपाळ्यावाल्या नकाशापेक्षा दोन फुटांनी लहान.

गेल्या महिन्यात यजमानांच्या ऑफिसातल्या दुसऱ्या एकाने त्यांना व्हॉट्सॲपवर एक जाहिरात दाखवली. नंबर नवा, खाली लिहिलेलं: 'सातारा, नुकतंच पूर्ण झालेलं काम.' दगडी खांब, पितळी कड्यांचा झोपाळा, आणि आमच्या विजेच्या खांबाच्या जागी नारळ.