मालवणच्या हवेत प्लास्टिकला चकाकी: स्कूटरची पॅनेलं घरी रंगवल्यानंतर दहा महिन्यांनी

आज सकाळी स्कूटर पुसताना डाव्या पॅनेलमध्ये माडाची झावळी दिसली, पात न् पात मोजता येईल अशी. उजव्या पॅनेलमध्ये त्याच झावळीचा नुसता हिरवट पट्टा. दोन्ही मीच रंगवलेली, जानेवारीत, एकाच काळ्या रंगाच्या स्प्रे कॅनमधून, एकाच खळ्यात, म्हणजे अंगणात. फरक फक्त वरच्या क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा.

पण आधी त्याच्या अगोदरच्या श्रावणातली फजिती सांगतो. गणपतीला मुंबईची मंडळी यायच्या आत स्कूटर नवी दिसायला हवी होती. दोन दिवस पाऊस उघडला, ऊन पडलं, म्हणून पडवीत रद्दी अंथरली आणि उरकलं काम. पहिली पाच मिनिटं आरसा. मग डोळ्यांदेखत काळ्या रंगावर दुधाची साय धरावी तसा पांढुरका थर आला. बंदरावर होड्या रंगवणाऱ्या काकांना दाखवलं. ते हसले. "पाऊस रवलो म्हणान हवा सुकता काय रे?"

रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असली की फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला सुटतो तसा घाम त्यावर सुटतो आणि ओल्या रंगात अडकून बसतो. पेंटर लोक याला ब्लशिंग म्हणतात. कॅनचा काही दोष नव्हता, मी मात्र दुकानदाराशी भांडून आलो होतो. (नंतर जाऊन दुसरे दोन कॅन त्याच्याकडूनच घेतले. प्रायश्चित्त.)

तेव्हापासून मी कॅनपेक्षा घड्याळ जास्त बघतो. आमच्याकडे थंडीत पहाटे दव असतं, तेव्हा नको. ऊन वर आलं, खळं सुकलं, पण समुद्रावरून खारा वारा अजून सुटलेला नाही, असे सकाळी दहा ते बारा हे दोन तास खरे. दुपारनंतर वारा फिरला की ओल येते, मीठ येतं आणि जांभ्याची तांबडी धूळही येते. काळ्या ओल्या रंगावर तांबडी धूळ काय शोभते ते विचारू नका.

आता तयारी. वेळ सगळा इथेच जातो आणि चकाकीही इथेच ठरते. पृष्ठभाग जितका सपाट तितका उजेड एका दिशेने परततो. खालचा ओरखडा वरच्या कोटाने बुजत नाही, उलट उठून दिसतो. पॅनेल आधी साबणाने आणि गोड्या पाण्याने दोनदा धुवा. मीठ खाली राहिलं तर पुढे तिथेच फोड येतात. मग पाणी लावून चारशे नंबरचा पॉलिश पेपर, नंतर सहाशे. प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, सुकल्यावर आठशे. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मी एका कोपऱ्यावर एनसी थिनर (रंग पातळ करायचं जहाल द्रावण) फिरवलं आणि एबीएस प्लास्टिक चिकट होऊन तिथे फडक्याचे धागे कायमचे बसले. आधी कधी सिलिकॉनचं पॉलिश मारलेलं असेल तर ते पूर्ण निघाल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर रंग गोल गोल फाकतो. त्याला फिश आय म्हणतात. मालवणात राहून माशाचे डोळे स्कूटरवरही बघावे लागले.

पॅनेल उलटं करून आतला शिक्का वाचा. एबीएस असेल तर साधा प्लास्टिक प्रायमर पुरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर त्याला रंग धरतच नाही. आधी अ‍ॅडहिजन प्रमोटरचा, म्हणजे रंगाला पकड देणाऱ्या द्रावणाचा, पातळ हात लागतो. मी फूटबोर्डला तो मारला नाही. मे महिन्यात कांद्याची साल निघावी तसा रंग निघाला, मुलाने तर बसल्या बसल्या नखाने सोलून काढला.

मारताना कॅन वीतभर, म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब. हात पॅनेलच्या बाहेर सुरू करायचा, बाहेरच थांबवायचा. पहिला कोट नुसता शिंतडल्यासारखा, दहा मिनिटं थांबून दुसरा. शेवटचा मात्र ओला बसला पाहिजे. लांबून मारला की थेंब वाटेतच सुकतात आणि संत्र्याची साल उमटते. जवळून मारला की ओघळ. या दोहोंच्या मधली जागा हाताला कळायला मला चार नारळाच्या करवंट्या आणि एक जुनी बादली रंगवावी लागली. कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हाताला सोसेल असंच, गॅसवर वगैरे अजिबात नको.

आता क्लिअर कोट. उजव्या पॅनेलवर साधा वन-के, डाव्यावर टू-के, म्हणजे तळाचं बटण दाबून आत हार्डनर (थर कडक करणारं रसायन) सोडायचा तो. टू-के मला तिपटीहून महाग पडला आणि हार्डनर मिसळला की ठेवता येत नाही, त्याच दिवशी संपवायचा. पहिला महिना दोघांत फरक सांगता आला नसता. मग पेट्रोल भरताना दोन थेंब उजवीकडे सांडले आणि पुसलं तिथे मऊ पडून मंद डाग राहिला. डावीकडेही सांडलं, काही झालं नाही. पावसाळ्यानंतर उजव्याला गोल गोल बारीक चरे आहेत. रबिंग कंपाउंडने दोनदा जीव आणला, पण दर वेळी थर झिजतो. डाव्याला धूळ होती तेवढ्या जागी पंधराशे आणि दोन हजारचा पेपर पाण्यातून फिरवून एकदाच पॉलिश केलं, पुन्हा हात लावलेला नाही.

टू-केमध्ये आयसोसायनेट असतं, फुफ्फुसांना घातक रसायन. तोंडाला रुमाल किंवा करोनातला मास्क चालत नाही. सेंद्रिय वाफेचे आणि बारीक कणांचे, असे दोन्ही फिल्टर असलेला मास्क, हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा हवी. मी मुलांना आणि सासूबाईंना त्या दिवशी शेजारी पाठवलं होतं.

उजवं पॅनेल आणि फूटबोर्ड पुन्हा करणार आहे. प्रमोटर आणून ठेवलाय, टू-केचा कॅनही. हवेत अजून ओल आहे. खळ्यात सकाळी वाळत घातलेला टॉवेल अकरापर्यंत कडक झाला की सुरुवात.