जुन्या साडीचे काठ कुणाच्या हाती देताय?

जुन्या रेशमी साड्यांचे काठ लावून स्वस्तात सुती ड्रेस शिवून देतो, असं सांगत कुणी तुमच्या भिशीत, हळदीकुंकवाला किंवा थेट दारात आलं, तर साडी हातातून सोडण्याआधी हे पूर्ण वाचा. आमच्या घरातली आणि आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांतली खरी, चांदीच्या तारेची जर अशीच गेली. शिवणावळ थोडी होती म्हणून पुष्कळजणी गप्प बसल्या आहेत. गेली ती चांदी आहे, हे अजून कित्येकींच्या लक्षातच आलेलं नाही.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली, थंडी ओसरली की स्वेटर-शाली गाठोड्यात जातात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर ठाण मांडून बसतो, कधी ४३-४४ पर्यंत चढतो. अशा उन्हात पॉलिस्टर अंगावर ठेवलं की दोन दिवसांत घामोळं. सुती कपडे हवेतच, आणि घरातल्या सगळ्यांना नवे घ्यायचे तर महिन्याचं गणित कोलमडतं. एक बऱ्यापैकी सुती ड्रेस हजाराच्या आत मिळत नाही. म्हणून आपल्याकडच्या बायका वर्षानुवर्षं काय करत आल्या? कटपीस आणायचा, घरातल्या विरलेल्या साडीचे काठ कापून घ्यायचे, गळ्याला, बाह्यांना आणि घेराला लावायचे. स्वस्तातला कुर्ता सणाला घालण्याजोगा होतो. ही पद्धत चांगली आहे आणि मी ती सोडणार नाही. राग त्याचा येतो की फसवणाऱ्यांनी नेमकी हीच काटकसरीची सवय हेरली.

अशीच एक बाई आमच्याकडे हळदीकुंकवाच्या दिवसांत आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींकडे जातातच, त्यात ओळखीच्या ओळखीतून कुणी आलं तर कोण हटकणार? बोलणं गोड, वागणं नम्र. पिशवीत नमुन्याचे कुर्ते होते आणि ते खरोखर सुरेख होते. मऊ कापड, सफाईदार शिलाई, कडेला जुने रुंद काठ. प्रत्येकीने हात लावून पाहिले. कापड तिचं, शिलाई तिची, काठ आपले. एका कुर्त्याचे साडेतीनशे.

"साडी कितीबी जुनी असू द्या ताई. विरलेली, फाटलेली चालतीय. उलट जुनीच द्या, जुन्या काठाचा रुबाबच वेगळा."

या वाक्यापाशी थांबा, कारण सगळी मेख इथेच आहे. मी तिला माझी अलीकडची एक साडी दाखवली होती. तिने काठावरून अंगठा फिरवला आणि साडी परत दिली. म्हणाली, "ह्याचे काठ कडक हायत, पोरींना टोचतील." कारण पटण्यासारखं होतं. पण आता कळतं की तिच्या अंगठ्याला जर ओळखता येत होती. शेजारणीकडूनही तिने जुन्याच साड्या निवडून घेतल्या आणि नव्या, चकचकीत साड्यांना काही ना काही नाव ठेवून बाजूला सारलं.

आमच्या घरातून गेली ती सासूबाईंची लग्नातली धर्मावरम. पन्नास वर्षांची साडी. घड्यांवर रेशीम विरलं होतं, पदर हात लावला की सुटत होता, पण काठ शाबूत होते. नेसता येत नाही आणि टाकवत नाही अशी ती कपाटात पडून होती. सासूबाईच म्हणाल्या, "नाती तरी घालतील, दे." कापून फक्त काठ देते म्हटलं तर ती बाई म्हणाली, तुमच्याकडून ओढले जातील, आमच्याकडे कापायला सरावलेल्या बायका आहेत, साडी अख्खी द्या. चिठ्ठी दिली, पण तिच्यावर मुलींची मापं, पैसे आणि फोन नंबर, एवढंच. कोणती साडी, काठ किती रुंद, किती लांब, यातलं एक अक्षर नाही.

पाडव्याच्या आधी कुर्ते आले. इस्त्री केलेले, वेगवेगळ्या पिशव्यांत घातलेले. काठ झगझगीत. सासूबाईंना ते जरा वेगळे वाटले. त्यांच्या साडीची जर काळवंडली होती, ही पिवळीधमक. त्यावर उत्तर तयार होतं: "आई, जरीला पॉलिश करून आणलंय, त्याचे पैसे लावले न्हाईत." जुन्या साड्यांना पॉलिश करून देणारे असतात, हे खोटं नाही. काठावरची नक्षीही जवळपास तशीच, रुद्राक्षासारख्या टिंबांची रांग आणि वर कंगोरे. म्हणजे साडी नेल्यावर तिच्याशी जुळणारे तयार काठ बाजारातून शोधून आणले होते. फसवणूक इतक्या तयारीची होती.

उघडकीला आली ती इस्त्रीमुळे. कुर्ता धुतला, वाळवला आणि सुती कापडाला लागते तेवढी गरम इस्त्री फिरवली. काठावर येताच ती चिकटल्यासारखी झाली आणि तेवढा काठ आक्रसून गोळा झाला. त्याच्या दोन्ही बाजूंचं कापड चुण्यांसारखं ओढलं गेलं, आणि वास आला तो प्लॅस्टिक जळल्याचा.

आमच्या शेजारच्या अक्का पद्मशाली. माहेरी हातमाग होता, लहानपण मागाच्या खड्ड्याशेजारीच गेलेलं. त्यांच्याकडे कुर्ता घेऊन गेले. चष्मा लावून त्यांनी काठाच्या उलट्या बाजूने सुईने एक धागा उचलला आणि दोन बोटांत धरून उलगडला. वरची सोनेरी पट्टी सुटून आली. ती सपाट, हलकी, चॉकलेटच्या चकचकीत कागदासारखी होती, आणि आत पांढरा धागा. मग आपल्या पेटीतून एक जुना काठ काढला आणि त्याचा धागा तसाच उलगडला. त्याची तार केसासारखी बारीक, बोटावर गुंडाळली की तशीच राहणारी, आणि आत लालसर रेशीम. दोन्ही धागे कागदावर शेजारी ठेवून त्यांनी काडी ओढली. पहिला क्षणात आखडून काळा मणी झाला. दुसऱ्यातलं रेशीम केस जळल्यासारखा वास देऊन गेलं आणि तार मागे उरली. अक्का एवढंच म्हणाल्या, "ही जर न्हाई, पोरी. ही पन्नी हाय."

यातलं जे समजलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी केलेली तार गुंडाळतात आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा देतात. म्हणूनच ती वर्षांनी काळवंडते. चांदीची वाटी काळी पडते त्याच कारणाने. दुसरा प्रकार तांब्याच्या तारेचा. तिसरी ही प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिस्टरच्या पातळ पट्टीवर धातूचा थर दिलेली. आज बाजारातल्या स्वस्त साड्यांवर बहुतेक तीच असते, आणि तसं सांगून विकली तर त्यात गैर काही नाही. पण चांदी २०२५ मध्ये किलोला १ लाख रुपयांच्या वर गेली आणि त्या वर्षी ती चढत राहिली. जुनी जर जाळून, गाळून चांदी काढणारे आहेतच. आजी-सासूच्या काळातल्या साड्यांवर डोळा का आहे, ते यातून कळेल.

आणखी एक हिशेब कुणी केला नव्हता. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर. दोन्ही बाजूंचे काठ धरले तर ११ मीटर. एका कुर्त्याला घेर, बाह्या आणि गळा मिळून तीनेक मीटर पुरतात. मुलींच्या दोन कुर्त्यांना धरा सहा-सात. उरलेला काठ कुठे गेला? पदरावरची जर कुठे गेली? शेजारणींनाही विचारलं. कुणालाही उरलेली चिंधीसुद्धा परत मिळालेली नव्हती. म्हणजे काठ बदलले नसते तरी माल गेलाच असता.

कापडातही फसवलं होतंच. "प्युअर कॉटन" म्हणून दिलेल्या कुर्त्यांच्या शिवणीच्या आतल्या कापडाचा धागा जाळून पाहिला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरली की मऊ करडी राख होते. याचा कडक गोळा झाला. पण सासूबाईंना कापडाचं काही वाटलं नाही. त्या दिवसभर काठच हातात घेऊन बसल्या होत्या. ती साडी त्यांच्या वडिलांनी घेतली होती, आणि एरवी कधीही आवाज न चढवणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी मला विचारलं, "असं कसं गं नेलं तिने, माझ्यासमोर बसून चहा पिऊन?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

फोन केला तेव्हा पहिल्यांदा उत्तर आलं की जर तुमचीच आहे, जुनी झाली की इस्त्री सोसत नाही. कागदावरच्या दोन धाग्यांचा फोटो पाठवल्यावर नंबर बंद झाला. दिलेल्या पत्त्यावर भाड्याचा गाळा होता, पाडव्यानंतर रिकामा केलेला.

इथे एक गोष्ट बजावून सांगते. सोलापुरात शिवणयंत्रावर घर चालवणाऱ्या हजारो बायका आहेत. गणवेश, परकर, ब्लाऊज, फॉल-बिडिंग करत रात्री जागणाऱ्या. या प्रकारानंतर आमच्या गल्लीत एकीने आपल्या नेहमीच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे कापड टाकणंच बंद केलं. हे फार चुकीचं आहे. ज्यांचं घर, दुकान, माणसं आपल्याला ठाऊक आहेत त्यांच्याकडेच द्या, आणि जास्त द्या.

पण देताना रीत पाळा. सराफाकडे बांगडी मोडायला नेली की आपण आधी वजन करतो, जरीच्या साडीलाही तोच नियम लावा. काठ घरी स्वतः कापा. घाई नको, धारदार कात्रीने काठालगत कापत गेलं की ओढले जात नाहीत. मीटरने मोजा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. सुलट आणि उलट अशा दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढा. जुन्या काठावर कुठे तार तुटलेली असते, कुठे डाग असतो, तीच त्याची ओळख. वीतभर तुकडा कापून घरात ठेवा, परत आलेला माल त्याच्याशी लावून पाहता येतो. चिठ्ठीवर काठाची लांबी, रुंदी, वजन आणि "उरलेला काठ परत" हे लिहून सही घ्या. सही द्यायला कुरकुर करणाऱ्याला काठ देऊच नका. जर खरी आहे का, अशी शंका असेल तर ओळखीच्या सराफाला दाखवा. अनेकांकडे धातू तपासायचं मशीन असतं. साडी कामातून गेलीच असेल आणि जर विकायचीच असेल, तर उघड विका, वजन करून, दोन ठिकाणी भाव विचारून.

आणि जे आधीच फसले आहेत त्यांच्यासाठी. शिवणावळ साडेतीनशे होती म्हणून तक्रार लहान ठरत नाही. विश्वासाने दिलेली वस्तू परस्पर लांबवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघात आहे, फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. ग्राहक म्हणूनही दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली घटनेपासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं.

आम्ही गल्लीतल्या बायकांनी मिळून पोलीस ठाण्यात एकत्र अर्ज दिला आहे. एकेकटीने सांगितलं की "साडी जुनीच होती ना" असं कुणीही म्हणतं. सगळ्यांचे कुर्ते, सगळ्यांच्या चिठ्ठ्या आणि तोच फोन नंबर एका टेबलावर आला की बोलणं बदलतं. सासूबाईंच्या लग्नातल्या फोटोत साडीचा काठ स्पष्ट दिसतो, त्याची प्रतही अर्जाला जोडली आहे. तुमच्याकडेही अशा साडीतला कुणाचा फोटो असेल तर शोधून ठेवा. तो कुर्ता अजून घरात असेल तर रागाच्या भरात फेकू नका, पुन्हा धुऊ नका आणि काठ उसवू नका. चिठ्ठीसकट आहे तसा पिशवीत घालून ठेवा, अर्जाला तोच लागतो.