आठ महिने फ्रॅक्टल आणि एक हट्टी टिक

फ्रॅक्टल म्हणजे कितीही खोल झूम केलं तरी नवी नक्षी दाखवणारं गणिती चित्र. त्याच्या झूम-फिल्मचा ७२ तासांचा रेंडर (लॅपटॉपने एकेक फ्रेम मोजून काढणं) परवा पाण्यात गेला, म्हणून लिहायला बसलो. ज्यात ती काढतो ते सॉफ्टवेअर फुकटचं आहे, तेव्हा नाव घेऊन बोंब मारत नाही. वीज मात्र फुकट नाही.

मिनिटभराची फिल्म, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १४४०. माझ्या मशीनवर फ्रेमला तीन मिनिटं. तीन दिवस लॅपटॉपला हात लावला नाही, पंख्याची घरघर ऐकत झोपलो. चौथ्या दिवशी बघतो तर बाराव्या सेकंदाला सगळा निळा एकदम गंजासारखा तांबडा. पुढेही थोड्या थोड्या वेळाने तसेच झटके.

कारण, इटरेशनची मर्यादा 'ऑटो' करणारी सेटिंगमधली ती टिक. (प्रत्येक बिंदूवर एकच सूत्र पुन्हा पुन्हा चालवतात, त्या फेऱ्या म्हणजे इटरेशन. आकडा किती फेऱ्यांत हाताबाहेर वाढतो, म्हणजे बिंदू 'निसटतो', त्यावर रंग ठरतो; मर्यादेपर्यंत न निसटलेले बिंदू काळे.) चाचणी घेताना मी ती काढली होती. मध्ये लॅपटॉप रीस्टार्ट झाला, फाइल परत उघडली आणि बया पुन्हा हजर! खोल जावं तशी ही मर्यादा वाढवत नेते. रंगपट्टी शून्यापासून मर्यादेपर्यंत ताणलेली, त्यामुळे तितक्याच फेऱ्यांत निसटणारा बिंदू पुढच्या फ्रेमला वेगळ्याच रंगात येतो. एकाच चित्रासाठी सोय उत्तम, ॲनिमेशनमध्ये घात. आता स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी डकवली आहे: 'टिक बघ'.

बाकी तक्रार नाही. साध्या डबल प्रिसिजनमध्ये (संगणकाच्या नेहमीच्या दशांश आकड्यांत) पंधरा-सोळा अंकांपुढे चित्राचे चौकोन होतात. या सॉफ्टवेअरमध्ये एक संदर्भबिंदू पूर्ण अचूकतेने मोजून बाकीचे त्याच्यापासूनच्या फरकाने काढतात, म्हणून दहाच्या तिसाव्या घातापर्यंत झूम बिनबोभाट होतो. क्वचित मध्येच सपाट एकरंगी ठिगळ येतं, ते दुसरा संदर्भबिंदू घेतला की जातं.

दोन दिवसांनी पुढे लिहितोय. वरचं रागात लिहिलंय, पण खोडत नाही. मेनू चाळताना कळलं की रंगाऐवजी नुसते फेऱ्यांचे आकडे साठवता येतात, रंग मागाहून भरायचे. शिवाय दर वेळी दुप्पट झूम करत मोठ्या आकाराच्या कीफ्रेम (टप्प्याटप्प्याच्या मुख्य फ्रेम) काढल्या की मधल्या फ्रेम त्यांतूनच तयार होतात. तिसाव्या घातापर्यंत शंभर कीफ्रेम पुरतात! प्रत्येकीला बारा मिनिटं धरली तरी वीस तास. आठ महिने मी काय करत होतो?

मग गंमत म्हणून एकच कीफ्रेम घेतली, झूम बंद, नुसती रंगपट्टी सरकवली. फेऱ्यांचा आकडा अपूर्णांकात असल्याने रंगांच्या पायऱ्या दिसत नाहीत. बाहेरच्या मोकळ्या भागात रंग संथ सरकतो, आणि काळ्या काठाशी पट्टे इतके दाटतात की तिथे तो उकळतोय असं वाटतं. हिशोब बारा मिनिटांचा, आणि आजवर केलेल्यांत हीच फिल्म सर्वांत चांगली झाली. विकतच्या सॉफ्टवेअरची यादी तूर्त बाजूला ठेवली आहे.

पाचपैकी चार. टिकेबद्दल तीनदा कळवून झालंय, उत्तर नाही. आज चौथ्यांदा पाठवतोय, स्क्रीनशॉटवर लाल गोल काढून.